खंडेनवमीला शुक्रावर धूर

माझ्या निरोप समारंभात जेवढे वक्ते बोलले, त्या सगळ्यांनी मी विज्ञानाचा दिवा खेडोपाडी नेला असं सांगितलं. मी पहिल्या रांगेत शाल पांघरून बसलेली, त्यामुळे मध्येच उठून दुरुस्ती करता येईना. दिवा मी कुठेही नेला नाही. उलट असलेले दिवे घालवून अंधार करणं हेच माझं काम होतं. मी नेला तो फुगा. सांगलीतल्या एका संस्थेचं फिरतं तारांगण होतं, ते घेऊन मी सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतल्या शाळा पालथ्या घातल्या. गावात आमची गाडी शिरली की पोरं "फुग्याच्या बाई आल्या, फुग्याच्या बाई आल्या" म्हणत मागून पळत यायची. शालीपेक्षा मला ते नाव जास्त आवडायचं, पण समारंभात ते कुणी घेतलं नाही.

ज्यांनी असं तारांगण पाहिलं नसेल त्यांना थोडक्यात सांगते. जाड कापडाचा एक घुमट असतो, बाहेरून राखाडी, आतून पांढरा. घडी घातली की मंगल कार्यालयातल्या गादीसारखं बोचकं होतं. शाळेच्या हॉलमध्ये किंवा पत्र्याच्या शेडमध्ये ते पसरायचं आणि एका बाजूला ब्लोअर जोडून द्यायचा. ब्लोअर म्हणजे हवा ढकलणारा मोठा पंखा. तो पाठीमागून बाहेरची हवा ओढतो आणि कापडी नळीतून आत सोडतो. कापड आधी कुशीवर वळल्यासारखं हलतं, मग एका अंगानं उठतं आणि थोड्या वेळात भला मोठा घुमट उभा राहतो. आत जायला कापडाचाच बोगदा असतो. त्यातून सगळ्यांनी रांगत जायचं, मग तो बालवाडीचा पोरगा असो की तपासणीला आलेले साहेब. साहेबांना रांगताना बघणं हे या नोकरीतलं एक खास सुख होतं.

आत गेलं की प्रोजेक्टरनं घुमटाच्या आतल्या बाजूवर आकाश उमटवायचं. पोरं सतरंजीवर बसून माना वर करून बघतात. आणि हे सगळं होत असताना ब्लोअर सतत चालू ठेवावा लागतो. तो बंद पडला तर फुगा बसतो. शिवाय आत एवढी पोरं श्वास घेत असतात, त्यांना ताजी हवा तोच देतो. जुनी हवा शिवणींमधून आणि बोगद्यातून बाहेर जाते.

नियम मोजकेच, पण कडक. चपला बाहेर. केसांच्या पिना बाहेर, कारण कापडाला भोक पडतं. शेंगदाणे, बोरं, चिंचा बाहेर. आणि एक नियम आम्ही कधीच कुणाला बोलून दाखवला नाही: शाळेच्या पोषण आहारात मटकीची उसळ असेल, तर खेळ जेवणाच्या आधी लावायचा. ब्लोअर झाला तरी त्यालाही मर्यादा असतात. यावर जास्त लिहीत नाही.

ब्लोअर सांभाळायचे रफीकभाई. मिरजेचे. गाडी तेच चालवत, फुगा तेच उभा करत, आणि खेळ चालू असताना ब्लोअरशेजारी स्टूल टाकून तेच बसत. अबोल माणूस. मी आत "आपण आता चंद्रावर निघालो" म्हणून सुरुवात केली की ते बाहेरून हळूच म्हणत, "जावा मॅडम, डिझेलचं टेन्शन न्हाई." हे वाक्य मी किती गावांत ऐकलं असेल, पण दर वेळी हसू यायचं.

माझा सगळ्यांत चाललेला खेळ म्हणजे 'माणसाला राहण्याजोगा ग्रह कसा असावा'. त्यात मी सूर्याला चूल करून टाकायची. चुलीला फार चिकटून बसलं तर पोळतं, फार लांब बसलं तर कुडकुडायला होतं, आपली पृथ्वी बरोबर शेकायच्या अंतरावर बसली आहे. पण नुसतं अंतर असून भागत नाही. ग्रहाला वजन पाहिजे, नाहीतर हवा धरून ठेवता येत नाही. चंद्र बिचारा हलका, त्याच्याकडे हवा टिकली नाही. पाणी पाहिजे, आणि तेही वाहतं पाहिजे, बर्फ किंवा वाफ होऊन उपयोग नाही. सूर्याकडून नुसता उजेड येत नाही, बारीक कणांचा माराही येतो, तो अडवायला ग्रहाच्या पोटात फिरतं लोखंड आणि त्याचं चुंबकाचं कवच पाहिजे. हे सगळं एका ठिकाणी जुळून यावं लागतं. शुक्राकडे हवा आहे, पण इतकी दाट आणि विषारी की खाली शिसं वितळेल एवढी धग. मंगळाकडे हवा आहे, पण इतकी विरळ की असून नसल्यासारखी.

पोरं हे सगळं मुकाट ऐकून घ्यायची. खरी गंमत मोठ्या माणसांची. फलटणकडच्या एका गावात मी सांगत होते की मंगळावर फार पूर्वी नद्या वाहत होत्या, आज त्या कोरड्या आहेत. मागच्या रांगेत एक ऊसवाले आजोबा बसलेले. ते अंधारातच म्हणाले, "वरच्या गावानं अडवलं आसंल पानी. आनि काय व्हतंय?" त्यानंतर पाण्याच्या पाळीवरून आत अशी चर्चा सुरू झाली की मंगळ तसाच डोक्यावर फिरत राहिला आणि मला खेळ आटपता घ्यावा लागला. महाबळेश्वरच्या खालच्या अंगाला एका स्ट्रॉबेरीवाल्यानं माझा फुगा चहूबाजूंनी हात लावून बघितला आणि मला धीर दिला, "आवं बाई, ह्यो तर आमचा पॉलिहाऊसच हाय. मंगळाव आसंच कायतरी टाकलं की भागतंय. फकस्त गिऱ्हाईक कुटनं आनायचं तेवडं बगा."

आणि तासगावकडच्या त्या मावशी. खेळ शाळेतल्या पोरांसाठी होता, पण त्या हट्टानं रांगत आत आल्या. म्हणाल्या, "माज्या पोरीला कडक मंगळ हाय. तवा मला त्यो मंगळ दावा. कसला हाय त्यो तरी बगू द्या." मी दाखवला. लाल माती, धोंडे, वाळूच्या टेकड्या, झाड नाही की झुडूप नाही. मावशी बराच वेळ बघत राहिल्या. मग भडकल्या. "एवडं वसाड गाव हाय, आन् माज्या पोरीचं लगीन अडवतंय व्हय!" मी त्यांना ज्योतिष कसं खोटं असतं हे पटवायला खूप मुद्दे तयार ठेवले होते. ते सगळे वाया गेले.

पण आज लिहायला बसले ते या गमतींसाठी नाही. नोकरीची शेवटची काही वर्षं राहिली असताना कडेगाव तालुक्यातल्या एका गावात जे झालं, ते मी आजवर नीट कुणाला सांगितलं नाही.

दसऱ्याचा आदला दिवस होता, खंडेनवमी. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची आणि यंत्रांची पूजा असते. विळा, कोयता, मोटार, ट्रॅक्टर, पिठाची गिरणी, सगळं धुऊन पुसून त्याला झेंडूची माळ. एरवी या दिवशी आम्ही खेळ घेत नसू, पण त्या शाळेनं फार आग्रह केला होता. शाळेच्या समितीचे अध्यक्ष फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार होते. गावात त्यांना नाव नव्हतंच, सगळे सुभेदारसाहेबच म्हणायचे. उंच, ताठ, मिशीला पीळ, आणि पोरं आपोआप ओळीत उभी राहतील असा आवाज.

आम्ही शेडमध्ये फुगा उभा करत होतो तेव्हा ते येऊन ब्लोअरपाशी थांबले.

"हे बंद पडलं तर?" त्यांनी विचारलं.

"फुगा बसेल."

"आन् आतल्या पोरांची हवा?"

"तीही हाच देतो."

त्यांनी ब्लोअरकडे नव्या आदरानं बघितलं. "बाई, हवा काय चीज आसती ते मला इचारा. वर बर्फात पोस्टिंगला व्हतो. बुटाची नाडी बांदायची तर मदी थांबून दम खायाय लागायचा. जेवन हाय, कपडा हाय, समदं हाय, पर हवा न्हाई. तितं मानूस मानूस ऱ्हात न्हाई." त्यांनी ब्लोअरवर हात ठेवला. "आसल्या यंत्राची तर पूजा पयली झाली पायजे."

मी हसून हो म्हटलं. शाळेतली पाण्याची मोटार, संगणक, घंटा या सगळ्यांची पूजा खेळ संपल्यावर होणार असं माझ्या डोक्यात होतं. त्यांच्या डोक्यात ती खेळाच्या वेळी होती.

मग दारात वाद सुरू झाला. वर्गाचे मास्तर सहावीची पोरं ओळीनं आत सोडत होते, तेवढ्यात एक बाई एका मुलीचा हात धरून उभी राहिली. मुलगी प्राजक्ता, बाई तिची आई सुनीता. सुनीता घरी शिवणकाम करायची. मुलीच्या गळ्यात कापडाची एक छोटी पिशवी होती, सुबक टिपेची, आणि त्या पिशवीत दम्याचा पंप.

"न्हाई म्हंजे न्हाई," सुनीता मास्तरांना सांगत होती. "शेतात कुनी पाचट पेटवलं तरी हिची छाती भरती. आन् तुमी हिला बंद कापडात घालाय निगालाय."

"आई, समदी जात्यात की," प्राजक्ता म्हणाली.

"समद्यांची छाती येगळी, तुजी येगळी."

मास्तरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की ही मुलगी कधी सहलीला गेली नाही, मैदानावर उतरली नाही, स्नेहसंमेलनातही धूळ उडते म्हणून खिडकीतून बघते. मी सुनीताकडे गेले. तिला ब्लोअर दाखवला, त्याच्या तोंडाशी तिचा हात धरला. आत हवा कोंडत नाही, बाहेरची ताजी हवा सारखी येत राहते, वर्गापेक्षा आत बरं असतं, हे समजावलं. "मी तिला माझ्याशेजारी बसवते, अगदी बोगद्याला लागून. काही वाटलं की ती सरळ बाहेर. जबाबदारी माझी."

सुनीतानं माझ्याकडे नीट बघितलं. "जबाबदारी तुमची म्हंताय, पर पोरगी माजी हाय बाई."

तिनं मुलीचे केस कानामागे सारले, पिन काढून आपल्या पदराला लावली आणि म्हणाली, "जा. मी हितंच पायरीव बसती."

खेळ सुरू झाला. प्राजक्ता माझ्या डाव्या हाताला, तिच्या पलीकडे तिची मैत्रीण. अंधार झाला, तारे आले, पोरांनी एकदम "आऽ" केलं. प्राजक्तानं माझ्या पदराचं टोक धरलं होतं, ते थोड्या वेळानं सोडलं. पृथ्वी झाली, चंद्र झाला, आणि आम्ही शुक्राकडे निघालो.

तेव्हा वास आला. गोड, ओळखीचा, उदाचा. पोरं खुसखुसली. "देवळात आल्यावानी वाटतंय," कुणीतरी म्हणालं. मला वाटलं बाहेर कुठेतरी पूजा चालली असेल, सणाचा दिवस आहे. मी शुक्राचे ढग दाखवले. पिवळसर, दाट, गोल फिरणारे. आणि सांगितलं की शुक्र असा धुरानं भरलेल्या खोलीसारखा आहे, आत शिरलेली उष्णता बाहेर पडत नाही. तेवढ्यात घुमटात खरेच ढग आले. प्रोजेक्टरचा झोत एरवी दिसत नाही, नुसतं चित्र दिसतं. तो झोत दुधासारखा पांढरा दिसायला लागला आणि त्यात धुराची वळी फिरताना दिसली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हाही खेळातलाच भाग.

मी मात्र ब्लोअरच्या नळीकडे बघितलं. धूर ब्लोअरमधून येत होता. म्हणजे जी हवा मी सुनीताला हात धरून दाखवली होती, तीच आता धूर होऊन आत येत होती. मी डावीकडे हात नेला. सतरंजी लागली. प्राजक्ता जागेवर नव्हती.

"रफीकभाई!" मी ओरडले. "ब्लोअर!"

उत्तर नाही. आत्तापर्यंत कधीच असं झालं नव्हतं.

यातली अडचण बाहेरच्या माणसाला सांगायला हवी. ब्लोअर चालू ठेवला तर धूर येत राहणार. बंद केला तर धूर थांबेल, पण फुगा पोरांच्या डोक्यावर बसणार, आणि अंधारात कापडाखाली घाबरलेली पोरं एकमेकांना तुडवतील. मी पोरांना सोडून बाहेर जाऊ शकत नव्हते. राहिली ती मागची चेन. अशा घुमटाला बोगद्याच्या समोरच्या बाजूला संकटकाळी उघडायची मोठी चेन असते. मी प्रोजेक्टरवर नुसता पांढरा उजेड लावला. आता सगळ्यांना धूर दिसला आणि खोकला सुरू झाला. "प्राजक्ता!" मी हाक मारली. नाही. मला वाटलं, चित्र नीट दिसावं म्हणून ती सरकत सरकत पलीकडे गेली असणार. जिथून बाहेर पडायला सगळ्यांत वेळ लागेल अशा जागी.

मी पोरांच्या मधून वाट काढत चेनपाशी गेले आणि ती खालपासून वर ओढली. बाहेरचा उजेड आत आला, हवा भसकन बाहेर गेली, आणि घुमट हलला. "इकडून बाहेर! ढकलाढकली नाही! ज्यांना बोगदा जवळ आहे ते बोगद्यातून!" तेवढ्यात बोगद्याच्या तोंडाशी सुभेदारांचा आवाज आला. धूर बाहेर आलेला त्यांनी बघितला होता. "एकामागं एक! फुडच्याचा सदरा धरा! रडायचं न्हाई, बाहेर येऊन रडा!" पोरं इतकी शिस्तीत निघाली की त्या क्षणी मी त्या माणसाला मनातून नमस्कार केला. त्यांनीच काय केलं होतं ते मला अजून माहीत नव्हतं.

फुगा धाडकन पडत नाही. दमलेली म्हैस बसते तसा तो बसतो, आधी एक बाजू, मग दुसरी. शेवटची पोरं चेनमधून बाहेर गेली तोवर कापड माझ्या डोक्याला लागलं होतं. मी बाहेर गेले नाही. मी सतरंजीवर ओणवी होऊन हातांनी चाचपत होते. "प्राजक्ता! प्राजू!" तिची आई तिला प्राजू म्हणत असेल की नाही, मला माहीतही नव्हतं. कापड पाठीवर आलं, उजेड गेला. काहीतरी मऊ हाताला लागलं. पोरीचं अंग समजून मी ते छातीशी धरलं. मग कळलं की दप्तर आहे. माझं वय, माझे गुडघे, माझा चष्मा, कशाचीही मला आठवण नव्हती. पायरीवर ती बाई बसली आहे एवढंच डोक्यात होतं.

"मॅडम! आवं मॅडम!" वरून रफीकभाईंचा आवाज. कापडावरून हात फिरत होते, माझा शोध घेत होते. "भाईर या! पोरगी भाईर हाय! कवाच भाईर हाय!"

त्यांनी कापड उचलून मला ओढून काढलं. केस विस्कटलेले, चष्मा नाही, छातीशी कुणाचं तरी दप्तर. शाळेच्या अंगणात सगळी पोरं उभी राहून मला बघत होती.

झालं होतं ते असं. सुभेदारांनी पूजेला सुरुवात ब्लोअरपासून केली. झेंडूची माळ घातली, हळदीकुंकू लावलं, नारळ ठेवला. मग रफीकभाईंना म्हणाले, "गाडी बी घेऊन या फाटकापासनं, तिची बी पूजा करू." रफीकभाई दर खंडेनवमीला गाडीला स्वतः माळ घालतात. ते आनंदानं गाडी आणायला गेले. आणि सुभेदारांनी निखाऱ्यावर ऊद घालून धुपाटणं यंत्राच्या मागच्या तोंडाशी ठेवलं. वारा ओढला जात होता, निखारे छान फुलत होते. देव प्रसन्न होतोय असंच कुणालाही वाटलं असतं. पुढची पूजा मोटारीची, म्हणून ते विहिरीकडे गेले. ब्लोअर शेडच्या पलीकडच्या अंगाला होता, पायरीवर बसलेल्या सुनीताला यातलं काही दिसलं नाही.

आणि प्राजक्ता? त्या अख्ख्या फुग्यात उदाचा पहिला वास तिला आला. आमच्या आधी, कितीतरी आधी. ज्या मुलीचं आयुष्य धुराला चुकवण्यात गेलं तिला तो देवाचा की पाचटाचा याच्याशी काय कर्तव्य? मैत्रिणीच्या कानात "बाईस्नी सांग, मी जाती" म्हणाली आणि बोगद्यातून सरळ बाहेर गेली. मैत्रीण शुक्र बघण्यात इतकी गुंगली होती की मला सांगायचं विसरली.

पण थोडा धूर तिच्या छातीत गेलाच होता. ती बाहेर येताच सुनीतानं तिला अंगणातल्या कडुनिंबाखाली नेलं होतं आणि पुढे वाकवून बसली होती. मुलीचे खांदे कानापर्यंत उचलले जात होते आणि प्रत्येक श्वासाबरोबर बारीक शिट्टी वाजत होती. पंप दिलेला होता. रफीकभाईंनी गाडीची दारं उघडून ठेवली होती, बॉनेटवर अर्धी घातलेली माळ तशीच लोंबत होती.

मी समोर जमिनीवर बसले. सुनीता माझ्याकडे बघतही नव्हती. ती मुलीला म्हणाली, "नाव सांग. पुरं नाव सांग."

"प्रा... जक्ता," मुलगी म्हणाली. थांबली. "सं... भाजी..."

"ऱ्हाऊ दे." मग माझ्याकडे न बघताच मला म्हणाली, "हिचं आसंच बगायचं आसतं. बोलताना मदी श्वास घ्याय थांबती तवर धोका. पुरं वाक्य एका श्वासात बोलली की सुटली. परत पंप देती. न्हाई उतार पडला तर कडेगावला दवाखान्यात न्यायची."

सुभेदार थोडे लांब उभे होते. मिशी तीच, पण ताठा गेलेला. "पोरी," ते म्हणाले, "वर बर्फात हवा न्हवती, ती देवाची करनी. हितं हवा हुती, ती मी घालीवली." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. सुनीता मुलीची पाठ चोळत राहिली. पोरं गोळा होऊन जवळ सरकत होती, तेव्हा मात्र ती कडाडली, "मागं सरा की! वारा येऊ द्या!"

पोरं मागं सरकून बसली. त्यातल्या एकानं विचारलं, "बाई, खेळ अर्दाच ऱ्हायला. आता?" खरं तर मला त्याच्या पाठीत धपाटा घालावासा वाटला. पण प्राजक्तानं मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. तिलाही तेच विचारायचं होतं. घाबरलेली मुलगी आणखी घाबरली की श्वास आणखी अडकतो, एवढं मला कळत होतं. म्हणून मी बोलायला लागले. दिवसाउजेडी, कडुनिंबाखाली, ना तारे ना घुमट.

मी मंगळाचं सांगितलं. तिथे जायला किती महिने लागतील, तिथे आपण किती हलके होऊ, उडी मारली तर किती उंच जाऊ. आणि तिथली हवा श्वास घेण्याजोगी नाही. माणसानं तिथे जायचं तर हवा पाठीवर बांधून न्यायची, तोंडाला लावायची, झोपतानाही जवळ ठेवायची. विसरला की संपला.

सुनीतानं पुन्हा पंप दिला. मुलीनं श्वास आत धरला, सोडला. शिट्टी थोडी खाली आली होती की मलाच तसं वाटत होतं, देव जाणे.

"तितं..." प्राजक्ता म्हणाली, "दमा... आसतो?"

"तिथे सगळ्यांनाच दमा," मी म्हणाले. "मला, मास्तरांना, सुभेदारसाहेबांना. या सगळ्या पोरांना. एकालाही नुसत्या नाकानं श्वास घेता येणार नाही. प्रत्येकाच्या गळ्यात तुझ्यासारखी पिशवी."

तिनं मान वळवून सगळ्यांकडे एकेक करून बघितलं. सुभेदारांकडे जरा जास्त वेळ. पोरांनी नकळत आपापल्या गळ्याला हात लावले. मी बोलत राहिले, काय बोलले ते आठवत नाही, चंद्राचं असेल, शनीच्या कड्यांचं असेल. नजर फक्त तिच्या खांद्यांवर होती. ते हळूहळू कानांपासून खाली येत होते. सुनीताचा हात मुलीच्या पाठीवर होता आणि ती डोळे मिटून, हातानं ऐकत होती.

मग प्राजक्ता सरळ बसली आणि म्हणाली, "मग बाई, समद्यांच्या आदी मलाच पाटवा की तिकडं, त्यास्नी पंप घ्याय शिकवाय कुनीतरी लागंलच न्हवं!"

पोरं खो खो हसली. मास्तर हसले. सुभेदारांनी टोपी काढून तोंड पुसलं. सुनीता मात्र हसली नाही. मंगळ तिनं ऐकलाच नव्हता. तिनं डोळे उघडले, धूर झाल्यापासून पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं आणि माझा हात घट्ट धरला.

"ऐकलं का बाई," ती म्हणाली, "मदी कुटं थांबली न्हाई."